पगारावर पाटी लागत नाही

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या वीस खाटांच्या रुग्णालयात मी हिशेब आणि भांडार सांभाळतो. आलेल्या देणगीदारांना रुग्णालय फिरवून दाखवणं हेही माझ्याकडेच. श्रावणातल्या एका शनिवारी पुण्याचे एक काका आले होते. कोविडच्या काळात त्यांनी आम्हाला व्हेंटिलेटर दिला होता, तो आणि त्यावरची आईच्या नावाची पाटी त्यांना बघायची होती.

पाटी चकचकीत होती. व्हेंटिलेटर बंद होता. बॅटरी गेलेली, फ्लो सेन्सर बिघडलेला, आणि दुरुस्तीच्या वार्षिक कराराला पैसे नाहीत. यंत्र द्यायला लोक हौसेनं पुढे येतात. सीएसआरवाल्यांना, म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीतून देणाऱ्यांना, तर फोटोत मावेल असंच काहीतरी हवं असतं. हे काकांच्या कानावर कसं घालावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात दारात जीप थांबली.

चौदा-पंधरा वर्षांची मुलगी. भाताच्या रोवणीवरून दमून आलेली, रात्री खालीच झोपलेली. "पहाटे पोट दुखते म्हणे जी, मग डोळेच उघडेना," मामा सांगत होता. अंगावर दंश दिसेना, सूज नाही. मिटत चाललेल्या पापण्या बघून आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "मण्यार." झोपेत ही चावते आणि फारसं दुखतही नाही, त्यामुळे घरचे पोटदुखीचं औषध देत बसतात.

प्रतिविषाच्या दहा कुप्या मीच भांडारातून काढून दिल्या. पण मण्यारीच्या विषानं नसांची टोकं एकदा निकामी केली की प्रतिविष ती दुरुस्त करत नाही. ती आपली आपण भरून येईपर्यंत श्वास बाहेरून चालू ठेवावा लागतो, कधी कधी कित्येक दिवस.

नशीब एवढंच, की नागपूरचे भूलतज्ज्ञ त्या दिवशी इथे होते. महिन्यातले दोन शनिवार ते स्वतःच्या गाडीनं, स्वतःच्या पेट्रोलनं येतात. रोवणीच्या दिवसांत शस्त्रक्रियांना पेशंट कमी असतात, तरी खाडा करत नाहीत. त्यांनी श्वासनलिकेत नळी घातली. १०८ ला फोन लावला, पण नाल्याला पूर. गाडी पलीकडेच अडकली. मग राहिली अंबू बॅग. ती हातानं दाबून फुप्फुसात हवा भरायची, पाच-सहा सेकंदांतून एकदा.

व्हाउचरच्या पाठीवर मी पाळ्या लिहिल्या, प्रत्येकी अर्धा तास. नर्स, ड्रायव्हर, मुलीचा मामा, डोळे तपासणीच्या शिबिराला आलेली कॉलेजची पोरं. यादी वाचून काका म्हणाले, "माझं नाव कुठंय?" सत्तरीच्या माणसाला काय सांगणार? मध्यरात्रीनंतरची पाळी त्यांनी मागून घेतली. घाबरून ते भराभर दाबायला लागले, तेव्हा आमच्या सिस्टर रागावल्याच, "काका, घाई नको. घड्याळाकडे बघा." रात्रभर डॉक्टर आळीपाळीनं उशाशी होते आणि ऑक्सिजनचे सिलिंडर बदलायला मी.

रविवारी दुपारी नाला उतरला. रुग्णवाहिकेतही दोन पोरं बॅग दाबतच गेली. पुढे मोठ्या रुग्णालयात तिला व्हेंटिलेटर मिळाला, काही दिवसांनी नळी निघाली. पोळ्याला पोरगी घरी होती.

निघताना काकांनी विचारलं, "दुसरा व्हेंटिलेटर पाठवू का?" मी सरळ सांगितलं, नको. आहे त्याची बॅटरी, सेन्सर आणि करार बघा. आणि जमलं तर रात्रपाळीच्या एका नर्सचा पगार. रात्री नर्सच नसेल तर चालू यंत्रही कोण बघणार?

"पगारावर पाटी कुठं लावणार हो तुम्ही?" असं म्हणून ते हसले. माझा अंदाज होता, विषय तिथंच संपला. पण दुसऱ्या महिन्यापासून पैसे यायला लागले. पावतीवर मी 'सर्वसाधारण निधी' लिहितो, देणगीवरच्या करसवलतीसाठी तेवढं नाव पुरतं. काकांना पुरत नाही. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फोन येतो, "सिस्टरांचा पगार झाला का?"