तुम्ही विचारलंत म्हणून: अख्खं हौसिंगच का नाही बदलत?

"कुर्ल्याला नाहीतर नाना पेठेत जुनं हौसिंग मिळतं. सकाळी आणायचं, संध्याकाळी गाडी चालू. तुम्ही ते शिम घेऊन महिनोन् महिने काय करत बसता?"

जुनी जीप उघडी पडलेली दिसली की हा प्रश्न येतोच. उभ्याउभ्या दिलेलं उत्तर कुणाला पटत नाही, म्हणून एकदाच नीट लिहितो. गाडी सीजे-३बी मॉडेलची जीप. हौसिंग म्हणजे दोन चाकांमधला डिफरन्शियलसकट अख्खा ॲक्सल. त्यात चाकं फिरवणारा मोठा गियर म्हणजे क्राऊन, त्याला फिरवणारा छोटा म्हणजे पिनियन, आणि हे नेमक्या जागी बसावेत म्हणून घातलेल्या पातळ पत्र्याच्या चकत्या म्हणजे शिम. मागचं हौसिंग स्पायसर ४४, पुढचं स्पायसर २५.

पहिलं म्हणजे दात. या गाडीत क्राऊनला ४३ आणि पिनियनला ८, म्हणजे ५.३८ चं प्रमाण. बाहेरून हुबेहूब तसंच दिसणारं, पण आत ३९ आणि ८ दातांचं, म्हणजे ४.८८ चं हौसिंगही बाजारात असतं. ते मागे बसवलंत तर टू-व्हीलमध्ये काही कळणार नाही, उलट गाडी जरा जास्त पळते म्हणून तुम्ही खूश व्हाल. पण फोर-व्हील टाकलंत की मागची आणि पुढची चाकं एकमेकांशी भांडायला लागतात. फरक दहा टक्क्यांचा आहे. दर शंभर मीटरला दहा मीटरचा हिशेब कुठेतरी चुकता व्हावाच लागतो. चिखलात टायर घसरून तो चुकता करतात, डांबरावर ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचे) गियर करतात. म्हणून हौसिंग विकत घेताना मागचं झाकण उघडून दात मोजा. दुकानदाराने तोंडी सांगितलेलं प्रमाण धरू नका.

दुसरं, जुनं हौसिंग म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीची झीज. ती किती आहे हे बसवल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडची झीज निदान मोजता तरी येते. एक्सलेटर दाबल्यावर रडणारा आवाज आला तर बहुधा पिनियनची खोली, म्हणजे ते क्राऊनकडे किती आत बसलंय, ती चुकलेली असते. पाय काढल्यावर आवाज येत असेल तर पिनियनची बेअरिंग सैल असतात. सतत घरघर असेल तर क्राऊनच्या दोन बाजूंची बेअरिंग बघा. फक्त वळणावर टकटक होत असेल तर स्टार गियर आणि त्यांच्यामागचे वायसर. गाडी सुटताना एकच मोठा 'खाट्' येतो, तेव्हा लोक थेट क्राऊन-पिनियनला दोष देतात. आधी प्रोपेलर शाफ्टचे (पिनियनला फिरवणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, हलवून बघा.

आवाज आला की नव्वदऐवजी १४० नंबरचं ऑइल टाका, असं मीही वर्षानुवर्षं सांगत आलो. आवाज दबतो, हे खरंच आहे. पण पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला क्राऊनने उडवलेलंच ऑइल मिळतं. थंडीच्या सकाळी घट्ट ऑइल तिथवर उशिरा पोचतं, आणि दबलेल्या आवाजाखाली बेअरिंग सुकं फिरत राहतं. ज्यांना मी हे सांगितलं त्यांची आज माफी मागायला हवी. ८०डब्ल्यू-९०, जीएल-५ प्रतीचं, सव्वा लिटरच्या आत. एवढंच लागतं.

आता ज्याच्यामुळे हे सगळं लिहावंसं वाटलं, ते.

पिनियनच्या डोक्यावर एक आकडा कोरलेला असतो: +२, -१, ०. हा आकडा इंचाच्या हजारांशात, आपल्या लेथवाल्यांच्या भाषेत 'थाऊ'मध्ये. ते पिनियन ठरलेल्या मापापेक्षा क्राऊनच्या मध्यरेषेपासून किती लांब किंवा जवळ बसायला हवं, हे तो सांगतो. मी क्राऊन-पिनियनची नवी जोडी बसवत होतो. जुनं पिनियन -१ होतं, नवं +२. अधिक म्हणजे लांब. स्पायसर ४४ मध्ये खोलीचे शिम आतल्या बेअरिंगच्या कपामागे (बाहेरच्या कड्यामागे) बसतात, आणि तिथे शिम वाढवले की पिनियन क्राऊनकडे सरकतं. म्हणजे जुन्या गठ्ठ्यातून तीन थाऊ काढायचे होते. मी 'अधिक' वाचलं आणि तीन घातले. चूक सहा थाऊंची झाली, ०.१५ मिमी. वहीची दोन पानं एकावर एक ठेवा, तेवढी.

पिनियन आत गेल्यावर प्ले, म्हणजे दातांमधली मोकळी जागा, कमी झाला. मग एका बाजूचे शिम दुसरीकडे टाकून क्राऊन मागे घेतला. डायल गेज लावलं, सात थाऊ. पाच ते नऊ चालतात. चार ठिकाणी मोजलं तर फरक दोन थाऊंच्या आत. सगळं मापात. शेंदूर तेलात कालवून दातांना लावला (शेंदरात शिसं असतं, हात धुवा), लाकडी पाचरीने क्राऊनवर दाब ठेवून पिनियन फिरवलं. ठसा उमटला तो दाताच्या मुळाशी, खालची कड रेघ ओढल्यासारखी धारदार. मधोमध पसरलेला, कडा विरत गेलेला हवा होता. तो ठसा स्पष्ट सांगत होता: पिनियन खोल गेलंय, शिम काढ. मी त्याकडे बघितलं आणि म्हटलं, प्ले बरोबर आहे ना, मग चालेल.

नाही चालत. प्ले बरोबर असूनही खोली चुकीची असू शकते. क्राऊन सरकवून प्ले कुठल्याही खोलीला मापात आणता येतो. चारशे किलोमीटरनंतर ऑइल काढलं तर त्यात चंदेरी चमक होती. क्राऊनच्या पुढे ओढणाऱ्या बाजूला, प्रत्येक दाताच्या मुळाशी, शेंदराने जिथे रेघ दाखवली होती नेमकी तिथेच घासलेली चकचकीत पट्टी. नवी जोडी फुकट गेली. क्राऊन आणि पिनियन एकत्र घासून जुळवलेले असतात, त्यामुळे एकच बदलून भागत नाही.

'इतकी मेहनत घेऊनही बिघडलंच ना?' असं कुणी म्हटलं की राग येतो. त्यात तथ्य आहे म्हणून जास्तच येतो. पण ते मेहनतीने बिघडलं नाही. समोर दिसलेला ठसा मी मानला नाही, म्हणून बिघडलं.

दुसरी क्राऊन-पिनियन जोडी बसवताना, मापं घेण्यापुरती, क्राऊनच्या बाजूची जुनी बेअरिंग आतून घासून हाताने सरकतील अशी केली. स्पायसर ४४ मध्ये ते शिम बेअरिंगच्या मागे असतात, आणि दरवेळी पुलरने खेचलं की नवं बेअरिंग खराब होतं. पिनियनचा नट २७० ते ३०० न्यूटन-मीटरला आवळला. सील न बसवता पिनियनला दहा सेंटिमीटरचा दांडा लावून स्प्रिंगकाट्याने ओढलं: अडीच ते चार किलोवर सावकाश फिरायला हवं. बेअरिंगवरचा हा ताण ठरवणारे शिम वेगळे: ते काढले की ताण वाढतो, घातले की कमी होतो. पुन्हा उलटं करू नये म्हणून हे भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय.

कधी हौसिंग बदलणंच योग्य असतं, तेही कबूल करतो. बेअरिंगचा कप हौसिंगच्या घरातच फिरून घर मोठं झालं असेल, किंवा नळी वाकलेली असेल, तर शिमने काही होणार नाही. शेतावर रोज गाडी लागते त्याने दोन महिने थांबावं का? याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. मीही स्टार गियर भंगारातलेच वापरलेत. चांगले होते.

आणि गाडी अजून ताशी ४५ ते ५० च्या दरम्यान बारीक गुणगुणते. पायाच्या दाबाबरोबर आवाज बदलत नाही, म्हणून टायर असावेत असं वाटतं. ठसा मात्र या वेळी मधोमध आहे, किंचित मुळाकडे.  पावसाळा संपला की आधी टायर बदलून बघणार, आणि आवाज तसाच राहिला तर पुन्हा उघडून एक थाऊचा शिम काढणार.