अण्णांच्या सदऱ्याचे चार चौकोन

अण्णांचा म्हाळ यंदा अष्टमीला होता. कोपरखैरण्याच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पान ठेवून कावळ्याची वाट बघत बसले होते, तेव्हा एगुंगुन आठवला.

वाशीच्या जुन्या ऑफिसात माझ्या शेजारी नायजेरियातल्या इबादानची, योरुबा समाजातली एक मैत्रीण बसायची. पितर कावळ्याच्या रूपाने येतात, असं मी सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्याकडे कापडातून येतात." एगुंगुन म्हणजे असा कापडातून आलेला पितर. त्याच्या उत्सवात माणूस नखशिखांत कापडी पट्ट्यांनी झाकलेला असतो, चेहराही जाळीआड. आत कोण आहे हे बोलायचं नाही. त्या घटकेला तो 'आरा ओरुन', म्हणजे परलोकीचा रहिवासी. आवाजही घोगरा, वेगळाच. त्याला हात लावायचा नाही, म्हणून सोबतची पोरं छड्या घेऊन गर्दी मागे सारतात. बायका घराण्याची ओरिकी, म्हणजे स्तुतीची कवनं, म्हणतात. मग तो गिरक्या घेतो, पट्ट्या फुलतात आणि त्यांचा वारा आशीर्वाद म्हणून अंगावर घेतात.

नैवेद्याला आपले वडे, तसा त्यांचा अकारा: सोललेली चवळी वाटून पाम तेलात तळायची. आजीच्या मागून घरात मुलगी जन्मली तर नाव येतुंडे, 'आई परत आली'. आपणही नातवाला आजोबांचं नाव ठेवतोच की.

पण माझ्या मनात रुतलं ते कापड. एगुंगुनचं वस्त्र जुनं झालं म्हणून टाकत नाहीत, त्यावर नव्या पट्ट्या चढवत जातात. वर नातवंडांनी आणलेलं झगझगीत कापड, खाली कधीकाळी पणजोबांच्या हयातीत शिवलेलं.

जुन्नरच्या आजीची गोधडी मी घर रंगवताना टाकायला काढली होती. तिच्यात आजीचं हिरवं लुगडं आहे, आजोबांचं धोतर आहे, आत्याचं परकर-पोलकं आहे. शिवताना आजी आत भाकरीचा तुकडा घालायची, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. ही गोधडी मी पिशवीत कोंबून दाराशी ठेवली होती, हे आठवलं की अजून पोटात तुटतं.

त्या दुपारी पान उचलून खाली आले आणि गोधडी पसरली. एक कोपरा पार विरलाय. अण्णांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या उसवून चार चौकोन कापले. पहिला धावदोऱ्याने लावून झालाय. आत भाकरीचा तुकडा घातला, बाजरीच्या. ज्वारीची त्यांना आवडत नसे.