त्रुटी : गुरू फार मोठा

विज्ञान प्रदर्शनात सूर्यमाला मांडणार असाल तर आधीच सांगून ठेवते : ग्रह करणं सोपं, कागद पास करून घेणं महाकठीण.

आम्ही प्रमाण धरलं १ सेंमी म्हणजे १०,००० किमी. गुरू १४.३ सेंमी, शनी १२, युरेनस आणि नेपच्यून पाचच्या आसपास, पृथ्वी १.३, शुक्र तिच्याहून जरासा कमी, मंगळ ७ मिमी, बुध ५. शिवाय प्लूटो, एरिस, हौमिया, सेरेस हे बटुग्रह, म्हणजे सूर्याभोवती फिरणारे पण ग्रहांत न धरलेले छोटे खगोल. थर्माकोलचे गोळे, मणी, कडधान्यं. आठवीच्या मुली व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) घेऊन मोहरी मोजत बसल्या. इथवर सगळं मजेत झालं.

मग तालुक्याच्या छाननीत अर्ज अडकला. लाल शाईत शेरा : 'गुरू प्रमाणाबाहेर मोठा. बटुग्रह दिसत नाहीत. पूर्तता करून सादर करावे.' अहो, तेच तर दाखवायचंय! पृथ्वीच्या अकरा पट व्यासाचा गुरू मी लहान करू कसा? भिंतीवरच्या तक्त्यांत सगळे ग्रह मापात कोंबलेले असतात, त्याची सवय झालेली डोळ्यांना.

"मॅडम, मी विज्ञानाचा नाही. त्रुटी निघाली की पूर्तता लागते," टेबलावरचे क्लार्क म्हणाले. त्रुटी काढणारे साहेब बैठकीत. पुढच्या वेळी दौऱ्यावर. एकदाचे भेटले, तर पहिला प्रश्न : "नववा ग्रह कुठाय?" २००६ साली प्रागला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने प्लूटोला बटुग्रहांत टाकलं, हे सांगितलं. ते त्यांना पटलं बहुतेक, कारण लगेच दुसरा मुद्दा निघाला : "मग प्लूटो आणि एरिस सारखेच का?"

प्लूटो २,३७७ किमी, एरिस २,३२६. आमच्या प्रमाणात फरक ०.०५ मिमी, आणि शाळेचा व्हर्निअर ०.१ मिमीच्या खाली वाचतच नाही. म्हटलं, सर, २०१५ मध्ये न्यू होरायझन्स यान प्लूटोजवळून जाईपर्यंत या दोघांत मोठा कोण हे शास्त्रज्ञांनाही ठामपणे सांगता येत नव्हतं. त्यात एरिस आकाराने कमी असून वस्तुमानात प्लूटोच्या सव्वापट. साहेबांनी ड्रॉवरमधून पट्टी काढली, गुरू स्वतः मोजला, आणि म्हणाले, "हे लेखी द्या ना मग."

लेखीच हवं होतं तर शेऱ्यात तसं लिहायचं की!

तेव्हा अर्जासोबतच तक्ता जोडा : खरा व्यास, प्रमाणातला व्यास, खाली मुख्याध्यापकांची सही-शिक्का. व्यास विषुववृत्तावरचा आहे हेही लिहा. ध्रुवांकडून मोजलं तर गुरू नऊ हजार किमीहून जास्त कमी भरतो. हौमिया लांबट आहे, तिच्यापुढे एकच आकडा टाकलात तर नवी त्रुटी निघेल. आम्ही बारीक तीळ लावला आणि 'लंबगोल' लिहून मोकळे झालो.

हो, सूर्य राहिलाच. तो १ मीटर ३९ सेंमी होतो आणि टेबल मिळतं चार फुटी, म्हणून फ्लेक्सवर नुसती कमान छापून मागे लावा. अंतरं याच प्रमाणात दाखवायच्या फंदात पडू नका; पृथ्वी दीडशे मीटरवर जाते, नेपच्यून साडेचार किलोमीटरवर. फाइलमध्ये एक ओळ लिहिली की पुरे.

सेरेस ९४० किमीचा, म्हणजे इथे मिलिमीटरही नाही. काळ्या कार्डशीटवर राजगिऱ्याचा दाणा चिकटवून वर भिंग ठेवलं. जास्तीचे दाणे डबीत असू द्या, परीक्षक बोट लावून बघतातच.