तुम्ही विचारलंत म्हणून: या वयात मोडी कशासाठी?

“या वयात मोडी लिपी शिकून तुम्हाला काय मिळणार आहे?” हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मला इतक्या जणांनी विचारला आहे, की आता विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच तो येणार हे मला कळते. कचेरीतल्या सहकारी बाई जेवणाच्या सुट्टीत “बेन, आमां पैसा मळे?” असे थेट विचारतात. भाचा म्हणतो, “आत्या, त्यापेक्षा कोडिंग शिक.” माझ्या सासूबाई विचारत काहीच नाहीत, पण मी रात्री वही काढली की दूरदर्शन संचाचा आवाज दोन घरे वाढवतात. सगळ्यांना एकदाच नीट उत्तर द्यावे, म्हणून हे लिहीत आहे.

मी बावन्न वर्षांची आहे, वडोदऱ्यात जन्मले, इथेच शिकले आणि इथेच एका विमा कचेरीत हिशेबाचे काम करते. पन्नाशी उलटल्यावर आपल्या भोवतालचे सगळे जण आपल्याला सुधारायला निघतात, आणि त्या सुधारणेचा अर्थ जवळजवळ नेहमी काहीतरी कमी करणे असा असतो. साखर कमी करा, मीठ कमी करा, वजन कमी करा, सुरसागराकाठची सेव-उसळ महिन्यातून एकदाच खा, मुलांच्या संसारात बोलणे कमी करा. हे सगळे सल्ले बरोबर आहेत आणि त्यांतले निम्मे मी पाळतेही. परंतु सकाळपासून रात्रीपर्यंत नुसती वजाबाकीच करीत राहिलेल्या माणसाला कुठेतरी एखादी बेरीज हवीशी वाटते. ती बेरीज मी आधी चुकीच्या ठिकाणी शोधली. कमाटीबागेत सकाळी चालायला जाऊन पाहिले, तर पावले मोजणाऱ्या यंत्राने माझ्या मनगटावर दुसरी हिशेबाची कचेरी उघडली. संध्याकाळी मालिका पाहून पाहिल्या, आणि तीन वर्षांनंतर एकाही नायिकेचे नाव मला सांगता येईना. हातातल्या मोबाइलवर बोटाने सरकवत राहण्याच्या करमणुकीविषयी मी काही लिहीत नाही, कारण त्या तासांचे मला काहीच आठवत नाही.

मोडी माझ्याकडे चालत आली ती दांडिया बाजारातल्या आमच्या माहेरच्या घरातून. लाकडी माडीचे ते घर विकायचे ठरले आणि आवराआवरी करताना माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक निघाली. तीत जुन्या सुती फडक्यात बांधलेले कागद होते. अशा गाठोड्याला दप्तरखान्याच्या भाषेत ‘रुमाल’ म्हणतात, हे मला पुष्कळ नंतर कळले. त्या दिवशी मी त्याला बोचके म्हटले होते. आत एक लांबट वही आणि तीसेक सुटे कागद होते आणि त्यांवरचे एकही अक्षर आमच्यापैकी कोणालाही वाचता येत नव्हते. खोलीत आम्ही सहा शिकलेली माणसे उभी होतो, त्यांत एक डॉक्टर होता, आणि आमच्याच घरात आमच्याच भाषेत लिहिलेल्या कागदापुढे आम्ही सहाही जण निरक्षर होतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही लिपी रोजच्या व्यवहारात होती. माझ्या आजोबांना ती येत असे आणि वडिलांना येत नसे. एवढ्या एका पिढीत दार बंद झाले होते.

त्या सुट्या कागदांत एक कागद खास होता. आमच्या घराण्यात अशी आख्यायिका आहे की पणजोबांच्या वडिलांना गायकवाड सरकारातून एक गाव इनाम मिळाले होते, त्याची सनद घरात होती, आणि भाऊबंदांपैकी कोणीतरी मत्सराने तिच्यावरचा शिक्का फाडून नेल्यामुळे आमच्या हातून ते गाव गेले. या कागदाचा वरचा भाग खरोखरच फाटलेला होता. माझे चुलत काका, वय वर्षे एक्याऐंशी, तो कागद पाहून गहिवरले. “हीच ती,” असे म्हणून त्यांनी तो कपाळाला लावला, आणि तेव्हाच मी ठरवले की हे आपण वाचायचे.

पुण्याच्या एका शिक्षकांचा दर रविवारी सकाळी मोबाइलवरून भरणारा वर्ग मला मिळाला. वर्गात आम्ही अकरा जण होतो आणि वयाने मी दुसरी. पहिल्या दिवशी सरांनी सांगितले की आधी कोरी ओळ डावीकडून उजवीकडे आखून घ्या आणि मग अक्षरे तिला टांगा. देवनागरीत आपण अक्षर काढतो आणि मग त्याच्या डोक्यावर रेघ देतो. मोडीत रेघ आधी येते, कारण पुढे हात उचलायलाच सवड नसते. काना खाली उतरतो आणि वळून पुन्हा वर शिरोरेघेला भिडतो, तिथूनच पुढचे अक्षर सुरू होते. कारकुनाची लेखणी पळत राहावी, अशी सगळी मांडणी. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि ओळ संपली की शब्द जिथे असेल तिथे मोडून खालच्या ओळीत जातो. आमच्यासारख्या वडोदऱ्याच्या माणसांची यात एक वेगळीच गंमत होते. आम्ही दुकानांच्या पाट्यांपासून विजेच्या बिलापर्यंत दिवसभर गुजराती वाचतो आणि गुजरातीने ती डोक्यावरची रेघ साफ टाकून दिलेली आहे. रविवारी मात्र सगळा कारभार त्या रेघेवरच चालणार. पहिले दोन महिने माझा हात या दोहोंच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत होता. सरांनी एकदा माझी वही पडद्यावर दाखवून अतिशय सौम्यपणे म्हटले, “ताई, ही मोडी आहे की आपण नवीन लिपी काढली आहे?” कचेरीत लोक माझ्याकडून शिकायला येतात; तिथे माझी चूक सहसा होत नाही आणि झाली तरी ती कोणी दाखवत नाही. त्या रविवारी माझे कान लाल झाले, आणि खरे सांगायचे तर कित्येक वर्षांत इतके ताजे काही वाटले नव्हते.

अक्षरे जमू लागल्यावर खरी मेहनत सुरू झाली, कारण मोडी कागदात लिपीपेक्षा लिहिण्याच्या रिवाजांचे ओझे जास्त असते. राजश्रीचा ‘रा’ आणि पुढे एक उभी रेघ, मौजेचा ‘मौ’ आणि पुन्हा तशीच रेघ, अशी संक्षिप्त रूपे जागोजागी असतात. आकड्यांपुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. म्हणून एकापुढे दोन रेघा दिसल्या की दीड वाचायचे. तारखा तर कोडीच असतात. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन असतो आणि तो अरबी संख्याशब्दांत, एकं-दहंपासून उलटा लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. हे वर्ष मृग नक्षत्राच्या सुमारास सुरू होते, म्हणून इंग्रजी साल काढताना त्यात डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून ६०० मिळवायचे. एका रात्री मी हे मोठ्याने करीत बसले होते तेव्हा माझे यजमान, जे क्रिकेटच्या सामन्यातून सहसा मान वर करीत नाहीत, तिथूनच म्हणाले, “सतराशे साठ-एकसष्ट. म्हणजे पानिपत.” तेव्हापासून तारखांचे खाते त्यांच्याकडे आहे. माझ्याहून निदान दुपटीने वेगात ते सालांची बेरीज करतात आणि शब्द मात्र एकही वाचू शकत नाहीत. आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षे झाली. रात्री सव्वानऊ ते दहा एका टेबलाशी बसून एकच काम करण्याची वेळ त्याआधी फक्त मुलाच्या दहावीच्या वर्षी आली होती.

आठव्या महिन्यात मी काकांचा तो कागद काढला. चाळिशी नाकावर, शेजारी भिंग आणि मोबाइलमध्ये मोठा करून ठेवलेला त्याचा फोटो, अशा सरंजामात पहिल्या तीन ओळींना मला पाच रात्री लागल्या. साल सुहूर नव्हते. शके १७८९, प्रभवनाम संवत्सर असे स्पष्ट होते. म्हणजे इसवी सन १८६७, खंडेराव महाराजांची कारकीर्द. इथपर्यंत इनामाची आशा शाबूत होती. चौथ्या ओळीत ‘कर्ज’ हा शब्द आला. मी तो तीन वेळा वाचला, सरांना पाठवला, आणि मग बाकीचे भराभर उलगडले. पंचाहत्तर बाबाशाही रुपये, म्हणजे तेव्हाचे बडोद्याचे स्वतःचे नाणे, मुलीच्या लग्नाकरिता आमच्या पूर्वजाने एका सावकाराकडून घेतले होते. व्याज दरमहा दरशेकडा एक रुपया. तारण म्हणून चांदीच्या तोड्यांची एक जोडी. खाली दोन साक्षी होत्या, त्यांतल्या एकाला लिहिता येत नसावे, कारण त्याच्या नावापुढे सहीच्या जागी नांगराची निशाणी होती. ती सनद नव्हतीच. ते कर्जाचे खत होते. कागदाच्या पाठीवर वेगळ्या हाताने लिहिलेली एकच ओळ होती: रुपये भरून पावले.

फाटलेल्या कडेचा उलगडा सरांनी केला. कर्ज फिटले की सावकार ते खत फाडून ऋणकोला परत करीत असे, म्हणजे पुन्हा त्याच कागदावर मागणी होऊ नये. भाऊबंदांनी शिक्का पळवला नव्हता. पैसे पोहोचले होते, म्हणून कागद फाटला होता आणि म्हणूनच तो आमच्या ट्रंकेत होता. मला स्वतःला हे इनामापेक्षा कितीतरी अधिक आवडले. ज्यांच्याविषयी मला आजवर फक्त गमावलेले गाव ठाऊक होते, त्या माणसाने मुलीचे लग्न लावण्यासाठी तोडे गहाण ठेवले आणि व्याजासह पैसे फेडले, हे मला दीडशेहून अधिक वर्षांनी त्या कागदावरून कळत होते. काकांना मात्र ते मुळीच आवडले नाही. “तुझं वाचन कच्चं आहे,” एवढेच म्हणून त्यांनी विषय संपवला आणि पुढचे चार महिने आमच्याकडे चहाला आले नाहीत.

त्या काळात मी वही वाचली. तो घरखर्चाचा हिशेब आहे आणि माझ्या पेशामुळे असेल, मला त्यासारखी करमणूक दुसरी कोणतीही मिळालेली नाही. तूप दीड शेर, परीट, दिव्याचे तेल, ब्राह्मणास दक्षिणा. आणि एका पानावर ‘मुलीस बांगड्या, कासार’, त्यापुढे चार आण्यांची उभी रेघ. ती रेघ बाकीच्या रेघांपेक्षा जरा लांब गेली आहे, बहुधा लिहिणाऱ्याला कोणीतरी मध्येच हाक मारली असावी. बेरजा मी सगळ्या तपासल्या. दोन ठिकाणी चुका सापडल्या आणि दोन्ही चुका घरखर्च कमी दाखवणाऱ्या आहेत.

आता पैशांविषयी, कारण सहकारी बाईंना तेच हवे आहे. २०२३ साली महाराष्ट्रात जुन्या कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली आणि वर्गातल्या दोन तरुण मुलांना त्यातून काम मिळाले. मला मिळाले नाही आणि मी मागितलेही नाही, कारण त्या कामाला वेग लागतो आणि मी एका पानाला आठवडा घेते. स्मरणशक्ती सुधारली का, असेही काही जण विचारतात. परवा मी चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधला, यावरून त्यांनी काय ते समजावे. झोप मात्र चांगली लागते, कारण दहा वाजता मेंदू खरोखर दमलेला असतो. चालणे पूर्वीपेक्षा कमी झाले आहे, हे डॉक्टरांना अजून सांगितलेले नाही.

गेल्या रविवारी वर्ग संपता संपता दाराची घंटा वाजली. बाहेर काका उभे होते, हातात लिल्या, म्हणजे ओलसर, चिवड्याची पुडी आणि काखेत एक कापडी पिशवी. चिवडा त्यांनी सासूबाईंना दिला, हवापाण्याविषयी थोडे बोलले, आणि मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. हा त्यांच्या वाटणीच्या कपाटात इतकी वर्षे होता म्हणे. “त्या दिवशी निघाला तो दुसराच कागद असणार,” ते म्हणाले. “सनद ही आहे. बघ, फाटलेलीसुद्धा नाही.”

मी चाळिशी लावली. कागद अखंड होता, रेघ सरळ होती, अक्षर सुरेख होते. आणि शिक्का कुठेच नव्हता. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर माझी नजर थांबली, कारण तो शब्द मला आता एका दृष्टिक्षेपात वाचता येतो.

“काका,” मी म्हटले, “आधी चहा घेऊ या.”