आमची वाटचाल : पॉलिसीवर सही माझीच होती

विम्याच्या त्या फॉर्मवर सही माझीच आहे, हे आधी सांगून टाकतो. पुढचं वाचताना कुणी म्हणायला नको की मिस्त्री स्वतःची चूक लपवतोय.

आमची सुतारकामाची फर्म २००८ सालची. सांगलीत स्टेशन रोडच्या मागे एक गाळा, वडिलांचा सागवानी रंधा, तीन पटाश्या, एक वाकस आणि भागीदार म्हणून अण्णा. अण्णा माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. पोरवयात मिरजेला सतारी करणाऱ्यांकडे राहिलेले. सतारीची तबली घासलेला हात तो, चौकटीवरून फिरला की काटकोन बघायला गुण्या लावायची गरज पडत नसे. आजही आमच्या शटरची, म्हणजे कपाटाच्या दाराची, कड बोटाने तपासूनच बाहेर जाते. ती सवय त्यांची.

गाळा घेताना मालकांना एवढंच विचारलं होतं की २००५ च्या पुरात इथं पाणी किती होतं. त्या साली कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या वर गेलेलं. "पायरीला लागून माघारी गेलं," म्हणाले. त्या एका वाक्यावर आम्ही अकरा वर्षं निर्धास्त झोपलो.

मधली वर्षं कामात गेली. २०१५ ला बँकेचं कर्ज काढून शीटा कापायचा पॅनल सॉ आणि कडेला पट्टी चिकटवायचं एज बँडिंगचं मशीन घेतलं. कर्ज म्हटलं की विमा आला. फायर पॉलिसी काढायला एक एजंट गाळ्यावर आले. चहा झाला, फॉर्म पुढ्यात ठेवला. म्हणाले, "मालक, लाकडाच्या धंद्याला भ्या आगीचं. पुराचं कवच काढून टाकलं तर प्रीमियम कमी बसतोय. पाणी कुठं येतंय इथवर?" वाचणार होते २,९०० रुपये. अण्णा रंध्याचं पातं घासत बसलेले. मान वर न करता म्हणाले, "असू दे की पुराचं. नदीच्या गावात राहतोय आपण." मी ऐकलं नाही. पुढं दर वर्षी तीच पॉलिसी रिन्यू होत गेली आणि मी एकदाही ती उघडून वाचली नाही.

जुन्या फायर पॉलिसीत वादळ, पूर, पाणी भरणं हा सगळा एक गट असायचा. विमावाले त्याला एसटीएफआय म्हणतात. तो मुळात पॉलिसीतच असे, पण पॉलिसी घेतानाच नको म्हटलं तर काढून टाकून प्रीमियममध्ये सूट मिळे. म्हणजे आमची पॉलिसी पुराची होती. ती आम्ही पैसे वाचवायला सोलून घेतली.

ऑगस्ट २०१९. कोयनेचा विसर्ग वाढतोय हे सगळ्यांना कळत होतं, पण दर वर्षी वाढतोच, असंच जो तो म्हणायचा. पायरी बुडाली तेव्हा आम्ही हातची अवजारं माळ्यावर टाकली, मग राउटर, ट्रिमर, ड्रिल ही विजेवरची. पॅनल सॉ चौघांना हलत नाही. निदान मोटर तरी सोडवावी म्हणून नट ढिले करायला लागलो, तोवर पाणी पोटरीला लागलं आणि लाइट गेली. अण्णांनी दंडाला धरून मला बाहेर ओढलं. पुढं पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. सांगलीकराला त्या आठवड्याचं वेगळं सांगायला नको.

१५ ऑगस्टला गाळ्याचं शटर उघडायला गेलो. ते उघडेना, आतून मालाने दाब दिला होता. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड, पाण्यात फुगून दुपटीला आलेला. कमर्शियल प्लायचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटलेले. लॅमिनेटच्या शीटा एकमेकींना चिकटून एकच ठोकळा झालेल्या. मोटरींची वाइंडिंग गेली, एज बँडिंगच्या ग्लू पॉटमध्ये गाळ बसला. पाण्याला टिकणारा ७१० ग्रेडचा प्लाय तेवढा राहिला, आणि सागवान. सागवान धुऊन सावलीत थप्पी लावली, मध्ये पट्ट्या घातल्या, आणि ते पुन्हा कामाला आलं. तयार शटर चाळीस होते, ते सगळे गेले. हिशोब केला तर चौदा लाखांच्या पुढं.

आणि कोपऱ्यात, उलटं तरंगून अडकलेलं एक टेबल होतं.

ते मिरजेच्या एका डॉक्टरांचं. त्यांच्या वडिलांच्या वेळचं शिसवी टेबल, आमच्याकडे पॉलिशला आलेलं. २००९ पासून या माणसाने दुसरा मिस्त्री बघितला नाही. घर, दवाखाना, मुलीच्या लग्नातलं कपाट, सगळं आमच्याच हातचं. त्यांना फोन करायला मला दोन दिवस लागले. ते स्वतः आले, गाळात चप्पल काढून हातात धरली, टेबलाभोवती फिरले. सगळे सांधे खाचेत बसवलेले, एक खिळा नाही. जागेवरून हललेले नव्हते. म्हणाले, "हे वाळू दे सावकाश. आणि नव्या ओपीडीचं काम तुम्हीच करायचं. ॲडव्हान्स बुडाला असं समजू नका, मी पुन्हा देतो." आणि दिला. त्या पैशातून पहिली मोटर रिवाइंड झाली.

नुकसान मोजायला विम्याचे सर्व्हेअर आठवड्याने आले. भला माणूस होता, फोटो काढले, यादी केली, आणि मग पॉलिसीचं दुसरं पान माझ्यासमोर धरलं. पूर वगळलेला. महिन्याभरात कंपनीचं पत्र आलं, क्लेम नाकारला. त्यांची चूक मला काढता येत नाही. एजंट त्यानंतर माझ्याशी एका वाक्याने बोलले, "तुम्हीच सांगितलंवतं." ते वाक्य मी विसरलो नाही.

पण त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. कुपवाडकडे, उंचावर, एका ठेकेदाराचा कारखाना कोरडा राहिला होता. आम्ही गाळ काढत होतो तेव्हा हे गृहस्थ आमच्या गिऱ्हाइकांकडे जाऊन सांगत होते की ती फर्म बसली, तुमचा ॲडव्हान्स सोडवून घ्या. एका शाळेच्या बाकांचं काम आमच्या हातात होतं. नमुना आमचा, माप आमचं, पाठीचा कल मुलांना बसवून ठरवलेला. तो नमुना तसाच्या तसा उचलून त्यांनी कमी दरात दिला. कमी दर कसा परवडला हेही मला माहीत आहे. त्यांच्या एकाही कारागिराचा विमा नव्हता. माणसाची बोटं उघड्यावर टाकून दर पाडता येतो, त्याला धंदा म्हणायचं का? आजही त्या शाळेवरून जाताना मी बाकांकडे बघतो.

२०२० च्या उन्हाळ्यात कामं बंदच होती. तेव्हा मी पॉलिसी वाचायला शिकलो, कटर पहिल्यांदा हातात घेताना शिकावं तसं, हळू आणि भीत. सुतारकामाचे ठेके घेणाऱ्या मंडळींनी विचारलं नसलं तरी सांगतो.

फायर पॉलिसी तिच्यावर लिहिलेल्या पत्त्यापुरती असते. साताऱ्याच्या एका साइटवरून आमचे दोन राउटर आणि नेलगन चोरीला गेले तेव्हा दोन गोष्टी कळल्या. साइट पॉलिसीत नव्हती, आणि चोरी तर फायर पॉलिसीत मुळातच नव्हती. तिच्यासाठी बर्गलरीची, म्हणजे घरफोडीची, पॉलिसी वेगळी, आणि फिरत्या अवजारांचं कुठल्या जागेवर कसं चालतं ते लेखी विचारून घ्यावं. गिऱ्हाइकाची वस्तू आपल्या गाळ्यात असेल तर 'ताब्यातला परका माल' अशी वेगळी ओळ लागते. डॉक्टरांच्या टेबलासाठी ती ओळ आमच्याकडे नव्हती.

रक्कम लिहिताना जुनं मशीन अडीच लाखांना घेतलं म्हणून अडीच लाख लिहू नका. तसंच मशीन आज नवं घ्यायला किती पडेल ते लिहा. वीस लाखांच्या मालावर दहाचा विमा असेल तर चार लाखांच्या नुकसानीलाही साधारण दोनच हातात येतात, कारण उरलेल्या निम्म्याचा विमा तुम्ही स्वतःच उतरवला असं धरतात. १ एप्रिल २०२१ पासून पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेला 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ठरलेली पॉलिसी आली आहे. तिच्यात पूर आहेच, आणि रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी लिहिली गेली तर ती कपात करत नाहीत. आम्ही पहिल्याच महिन्यात ती घेतली.

कारागिरांचं वेगळं. एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशनची, म्हणजे कामावर इजा झाली तर भरपाई देणारी, पॉलिसी घेताना उक्तं काम करणारेही यादीत घाला आणि पगार खरा लिहा. उपचाराच्या खर्चाची जोड वेगळी मागून घ्यावी लागते. २०२२ ला आमच्या हेल्परच्या दोन बोटांवर ट्रिमर गेला. मिरजेत ऑपरेशन झालं, खर्च पॉलिसीतून भागला, बोटं राहिली. तो आज आमच्याकडे एज बँडिंग चालवतो.

क्लेम चुकीचा नाकारला असं वाटलं तर छोट्या धंद्यालाही विमा लोकपालाकडे जाता येतं. आपल्याला पुण्याचं कार्यालय लागतं, फी नाही, पण कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायचं. मी गेलो नाही. सही माझी होती.

जुलै २०२१ ला पाणी पुन्हा ५५ फुटांपर्यंत आलं. तोवर मशीनखाली साडेतीन फुटांचा ओटा बांधला होता, तरी खालचा माल भिजला. साडेतीन महिन्यांनी क्लेमचे पैसे खात्यात आले. ते पत्र मी अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचलं, अगदी मागचं बारीक अक्षरसुद्धा, आणि मग घडी घालून माझ्या हातात दिलं. डोळ्यांमुळे त्यांनी काम सोडलंय आता, पण रोज अकराला येतात.

गेल्या महिन्यात डॉक्टरांचा मुलगा तेच शिसवी टेबल पुन्हा पॉलिशला घेऊन आला. आम्ही ते ओट्यावर चढवलं, रजिस्टरला किंमत लिहून त्याची सही घेतली, आणि अण्णा कापडाने त्याचे सांधे पुसत बसले.