शॉक, आणि ठोके फक्त ५२

चार वर्षांची, १८ किलोची कुत्री टेबलावर आडवी पडलेली. हिरड्या पांढरट, पंजे गार, मांडीतली नाडी जेमतेम बोटाला लागत होती. सिस्टॉलिक दाब ६४. अशा शॉकमध्ये, म्हणजे रक्ताभिसरण कोसळलेलं असताना, कुत्र्याचं हृदय धावत सुटायला हवं. स्टेथोस्कोपने मोजले तर ठोके ५२! लगेच ईसीजी लावला. पी लहरी गायब, क्यूआरएस रुंद, टी लहरी उंच आणि टोकदार. ही रक्तात पोटॅशियम फार वाढल्याची खूण, त्यानेच हृदय मंदावतं.

रक्तात सोडियम १२४, म्हणजे कमी, आणि पोटॅशियम ७.९, म्हणजे खूप जास्त. गुणोत्तर १५.७, ते २७ च्या खाली गेलं की ॲडिसनचा, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथींची संप्रेरकं आटण्याच्या आजाराचा, संशय घ्यायचा. आतड्यातल्या चाबूकजंतांमुळेही ते घसरतं, म्हणून विष्ठा तपासली, स्वच्छ होती. क्रिएटिनिन ३.१ आणि लघवीचं विशिष्ट गुरुत्व १.०१८ (म्हणजे लघवी पातळ) बघून मूत्रपिंडं गेली असं वाटतं, आणि इथेच निदान चुकतं. अल्डोस्टेरॉन, म्हणजे शरीरात सोडियम धरून ठेवणारं ॲड्रिनलचं संप्रेरक, नसलं की सोडियम लघवीतून जातं, त्याच्यामागे पाणी. आणि सोडियम संपलं की निरोगी मूत्रपिंडालाही लघवी घट्ट करता येत नाही. अल्डोस्टेरॉन बनवायचा इशारा देणारं रेनिन वाढतं, अँजिओटेन्सिन वाढतं, पण ॲड्रिनल ग्रंथी प्रतिसादच देत नाही. त्यात कॉर्टिसॉल हे ॲड्रिनलचं दुसरं संप्रेरकही नाही, म्हणून रक्तवाहिन्या ॲड्रिनॅलिनलाही नीट आवळत नाहीत.

आधी हृदय. १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १८ मिली, ईसीजीवर नजर ठेवून १५ मिनिटांत. याने पोटॅशियम उतरत नाही, हृदयाला अर्धा-पाऊण तास संरक्षण मिळतं एवढंच. आठव्या मिनिटाला पी लहरी परतल्या.

दुसऱ्या शिरेतून रिंगर लॅक्टेट, ३६० मिली वीस मिनिटांत. त्यात पोटॅशियम आहे म्हणून बरेच जण ते टाळतात. पण ते ४ आहे, हिचं ७.९! उलट नॉर्मल सलाइनमधल्या १५४ सोडियमची मला जास्त भीती वाटते. सोडियम २४ तासांत १० पेक्षा जास्त चढलं तर मेंदूतल्या मज्जातंतूंचं आवरण झडू शकतं, आणि ते कळतं काही दिवसांनी, कुत्रं लडखडू लागलं की.

कॉर्टिसॉलच्या जागी डेक्सामेथासोन ३.६ मिग्रॅ शिरेतून दिलं. प्रेडनिसोलोन किंवा हायड्रोकॉर्टिसोन दिलं असतं तर तपासणीत तेच कॉर्टिसॉल म्हणून मोजलं गेलं असतं. मग ९० मायक्रोग्रॅम कृत्रिम एसीटीएच, म्हणजे ॲड्रिनलला कॉर्टिसॉल बनवायला लावणारं संप्रेरक. आधीचा आणि तासाभरानंतरचा, दोन्ही नमुन्यांत कॉर्टिसॉल १ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली. म्हणजे ॲडिसनच.

दुसऱ्या दिवशी सोडियम १३२, पोटॅशियम ५.१, आणि ती वाटीतलं खात होती. घरी अल्डोस्टेरॉनच्या जागी फ्लुड्रोकॉर्टिसोन आणि कॉर्टिसॉलच्या जागी अगदी थोडं प्रेडनिसोलोन. पाणी फार पिऊ लागली तर आधी प्रेडनिसोलोन कमी करायचं, पण मला विचारून. फ्लुड्रोकॉर्टिसोनला हात लावायचा नाही.