जुनी दोषसिद्धी अपिलात रद्द करून घेताना : माझा अनुभव

कळव्याच्या आमच्या चाळीत २००९ साली पाण्याच्या नळावरून झालेल्या ओढाताणीत शेजारच्या काकूंच्या मनगटाचे हाड मोडले आणि माझ्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम ३२५ (गंभीर दुखापत करणे) खाली गुन्हा दाखल झाला. २०१२ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांनी मला न्यायालय उठेपर्यंतची कैद व दंड सुनावला. दंड भरला की प्रकरण संपले, असे तेव्हाच्या वकिलांनी सांगितले होते. पुढे एका शाळेत मदतनीस म्हणून निवड झाली, तेव्हा चारित्र्य पडताळणीच्या अहवालात ती शिक्षा नमूद होऊन आली आणि नेमणूक थांबली.

ठराविक वर्षे उलटली की प्रौढ व्यक्तीची दोषसिद्धी आपोआप पुसली जाईल, असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. 'नाव काढून देतो' असे सांगणारे लोक कोर्ट नाक्यावर मलाही भेटले. त्यांना कोणीही एक रुपयासुद्धा देऊ नये. मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेले. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे आपल्या किती बायकांना माहीत आहे? मला मिळालेल्या वकीलबाईंनी आधी निकालाची प्रमाणित नक्कल काढायला लावली. जुनी फाइल अभिलेख कक्षातून शोधून निघेपर्यंत बराच काळ गेला.

सत्र न्यायालयात अपील करण्याची मुदत ३० दिवसांची असते आणि ती केव्हाच उलटली होती, म्हणून अपिलासोबत मुदत अधिनियमाच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज जोडला. त्यात काहीही रंगवून लिहायचे नाही, असे बाईंनी बजावले. मला मिळालेला सल्ला आणि सासऱ्यांचे आजारपण आम्ही जसे होते तसे, कागदपत्रांसह मांडले. सरकारी वकिलांनी हरकत घेतली, तरी न्यायालयाने विलंब माफ केला.

खरी कसोटी पुढे होती. कलम ३२५ चा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने समेट करून मिटवता येतो आणि दोषसिद्धीनंतरही, अपील प्रलंबित असेपर्यंत, अपील न्यायालय तशी परवानगी देऊ शकते. परंतु संमती जिला दुखापत झाली तिनेच द्यावी लागते. काकू आता ऐरोलीला लेकाकडे राहतात. थंडीत मनगट अजून दुखते, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितले, आणि ते ऐकून घेणे मला कोणत्याही कागदाइतकेच आवश्यक वाटले. मी पैशांचा विषय काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही. "पोरी, तुझी नोकरी अडली हे मला कोणी सांगितलंच नाही," एवढे म्हणून त्या विचार करायला वेळ मागून गेल्या, आणि काही आठवड्यांनी त्यांनी स्वतःहून फोन केला. समेटाची पुरसिस (न्यायालयात द्यायचे लेखी निवेदन) दाखल झाल्यावर न्यायाधीशांनी त्यांना, कोणाचा दबाव आहे का, हे स्वतंत्रपणे विचारले. समेट मान्य झाला की फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२०(८) प्रमाणे त्याचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा असतो. त्यानुसार शिक्षा रद्द झाली आणि दंड परत करण्याचा आदेश झाला. (आता त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली असून समेटाची तरतूद तिच्या कलम ३५९ मध्ये आहे.)

आदेश हाती आला तरी पोलिसांच्या नोंदीत तो आपोआप चढेल, असे गृहीत धरू नये. मी प्रमाणित नक्कल जोडून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला, पोच घेतली आणि नोंद दुरुस्त झाल्याची खात्री करूनच चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पुन्हा अर्ज केला.

गुन्हा दाखल झाल्याची नोंद मात्र राहतेच. बदलतो तो तिचा निकाल. म्हणून शाळेच्या नव्या अर्जात 'शिक्षा झाली आहे का' या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिले, 'कधी गुन्हा दाखल झाला होता का' यापुढे 'होय' लिहिले आणि अपिलाचा आदेश जोडला. पडताळणी अर्जात माहिती दडवणे हेच नोकरी जाण्याचे कारण ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे.